शाबीत न झालेल्या तक्रारींचं काय करायचं

आमच्याकडे नवा पक्षकार आला की मी आधी तीन गोष्टी लिहून घेते: घटना कुठे घडली, किती वाजता घडली आणि पोलिसाचं नाव किंवा बिल्ल्यावरचा नंबर काय होता. बाकीचं वकील विचारतात. मी न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या वकिली ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक आहे. विनाकारण अटक, बेकायदा झडती, मारहाण, खोटा गुन्हा दाखल करणं अशा गोष्टींवरून पोलिसांविरुद्ध दिवाणी दावे लावणं हे आमचं काम. नाव हाती आलं की मी संगणकापुढे बसते आणि त्या पोलिसावर पूर्वी कोणकोणत्या तक्रारी झाल्या ते काढते. ही माहिती सरकारीच आहे, कुणालाही बघता येते, पैसे पडत नाहीत. २०२० च्या आधी ती सोय नव्हती. ती पुन्हा बंद करावी असं म्हणणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यातले काही माझ्या घरोब्यातले आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

न्यूयॉर्क शहरात पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन जायचं ठिकाण म्हणजे सिव्हिलियन कंप्लेंट रिव्ह्यू बोर्ड. १९९३ पासून हे बोर्ड पोलीस खात्यापासून स्वतंत्र आहे, त्यावर साधे नागरिक बसतात. मुख्यतः चार प्रकारच्या तक्रारी तिथे चालतात: बळाचा गैरवापर, अधिकाराचा गैरवापर, उद्धट वागणूक आणि जातीधर्म-वंश-लिंग काढून केलेली शिवीगाळ. बोर्डाचे तपासनीस दोन्ही बाजूंच्या जबान्या घेतात, व्हिडिओ मागवतात, आणि शेवटी निकाल लिहिला जातो. तक्रार शाबीत, हा एक निकाल. घटना घडली पण पोलीस नियमाप्रमाणेच वागला, हा दुसरा. तक्रार निराधार, म्हणजे असं काही घडलंच नाही, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे ‘शाबीत नाही’: काय घडलं ते दोन्हींपैकी कुठल्याच बाजूने पुरेशा पुराव्यानिशी ठरवता आलं नाही.

माझं सगळं म्हणणं या चौथ्या खणाबद्दल आहे.

तक्त्यातली एक ओळ कशी असते ते सांगते. डावीकडून वाचत गेलं की तक्रार कुठल्या महिन्यात आली, कुठल्या महिन्यात बंद झाली, पोलिसाचा तेव्हाचा हुद्दा, तेव्हाचं ठाणं, आत्ताचं ठाणं. मग तक्रारदाराचा वंश, लिंग, वय. त्याचं नाव नसतं. पुढे प्रकार: बळाचा वापर. आरोप: शारीरिक बळ. संपर्काचं कारण: रस्त्यावर गुन्ह्याचा संशय. परिणाम: अटक नाही, समन्स नाही. निकाल: शाबीत नाही. ओळ संपली. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. मी आता या ओळी वाचताना आधी ‘परिणाम’ हा रकाना बघते. एकोणीस वर्षांच्या मुलाला संशयावरून रस्त्यात अडवलं, त्याच्या अंगावर हात टाकल्याची तक्रार झाली, आणि शेवटी ना अटक झाली ना साधं समन्स निघालं. म्हणजे ज्या संशयावरून त्याला अडवलं होतं, त्याचं पुढे काहीच झालं नाही. बळ वापरलं की नाही हे बोर्डाला ठरवता आलं नसेल, पण एवढी गोष्ट त्या ओळीत आहे.

आता त्याच पोलिसाच्या नावाखाली अशा सात-आठ ओळी असल्या तर? वर्षं वेगळी, ठाणी दोन वेगळी, तक्रारदार एकमेकांना ओळखतही नाहीत. आणि आरोप मात्र तोच: नाव विचारलं तर ते दिलं नाही, वर अटकेची धमकी दिली. बोर्डाच्या यादीत ‘नाव किंवा बिल्ला क्रमांक देण्यास नकार’ हा आरोपाचा स्वतंत्र प्रकारच आहे, इतक्यांदा तो येतो. प्रत्येक ओळीपुढे ‘शाबीत नाही’. साहजिक आहे. गल्लीत दोनच माणसं, त्यातला एक गणवेशात. दोघांचे शब्द एकमेकांविरुद्ध. कॅमेरा नव्हता, किंवा होता पण सुरू केला नव्हता. तपासनीस तरी काय लिहिणार? एकेक तक्रार सुटी धरली तर ‘शाबीत नाही’ हा प्रामाणिक निकाल आहे, माझी त्याला हरकत नाही. पण त्या आठ ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की जे दिसतं ते एकाही ओळीत नव्हतं. आणि त्या शेजारी ठेवायच्या तर आधी बाहेर याव्या लागतात. बंद कपाटात त्या असल्या तर आठही माणसं आयुष्यभर हेच समजत राहतात की आपल्यापुरतंच काहीतरी घडलं, आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

हे कपाट ४४ वर्षं बंद होतं. न्यूयॉर्क राज्याच्या नागरी हक्क कायद्यात १९७६ साली ‘५०-ए’ हे कलम आलं. बचाव पक्षाचे वकील साक्षीला उभ्या असलेल्या पोलिसाला जुन्या, न शाबीत झालेल्या तक्रारी काढून छळतात, ते थांबवायचं असा उद्देश सांगितला गेला. उद्देश समजण्यासारखा होता. कलमाची भाषा अशी होती की नोकरी आणि बढतीसाठी पोलिसाचं मूल्यमापन करताना वापरली जाणारी कागदपत्रं गोपनीय. पोलिसाची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय कुणाला दाखवायची नाहीत. पुढे वर्षागणिक तिचा अर्थ ताणत नेला गेला. पोलीस मुख्यालयात पत्रकारांच्या खोलीजवळ एका क्लिपबोर्डला खात्याचे आदेश लावलेले असत: कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाला काय शिक्षा. पत्रकार कित्येक दशकं ते वाचत होते. २०१६ मध्ये तो बंद झाला. कारण दिलं गेलं ५०-ए. कलम ४० वर्षांचं होतं, क्लिपबोर्डही तितकीच वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत लटकत होता, आणि अचानक तो बेकायदा ठरला.

एरिक गार्नरचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. १७ जुलै २०१४ ला स्टेटन आयलंडवर सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून त्याला धरलं, डॅनियल पँटेलिओ या पोलिसाने मागून गळ्याभोवती हात आवळला, आणि ‘मला श्वास घेता येत नाही’ असं पुन्हा पुन्हा सांगत तो माणूस गेला. व्हिडिओ जगाने बघितला. पुढच्या वर्षी शहराने कुटुंबाला ५९ लाख डॉलर दिले. पण पँटेलिओबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का, या साध्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने देता येत नव्हतं. लीगल एड सोसायटी या गरिबांना मोफत वकील देणाऱ्या संस्थेने कोर्टात जाऊन फक्त सारांश मागितला, आकडे आणि निकाल एवढंच. अपील कोर्टाने तोही नाकारला. २०१७ मध्ये ती नोंद कुणीतरी पत्रकारांपर्यंत पोचवली तेव्हा कळलं: सात तक्रारी, चौदा आरोप, त्यातले चार गार्नरच्या मृत्यूपूर्वीच शाबीत झालेले. लक्षात घ्या, शाबीत झालेले. तेही बंद होते.

आणि माझ्या कामाच्या दृष्टीने जास्त लागणारी गोष्ट ही आहे की त्याच पोलिसाविरुद्धचा एक दिवाणी दावा शहराने ३०,००० डॉलर देऊन मिटवला होता, गार्नरच्या आधीच. दोन माणसांनी भर रस्त्यात कपडे उतरवून झडती घेतल्याचा आरोप केला होता. तो दावा कोर्टाच्या दप्तरात उघडा पडला होता. कुणीही वाचू शकलं असतं. पण तक्रारीच्या फायली एका इमारतीत, दाव्यांच्या फायली दुसऱ्या इमारतीत, शिक्षेच्या फायली तिसऱ्या, आणि तिन्ही एकत्र बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

२५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या हातून मारला गेला आणि त्यानंतरच्या निदर्शनांच्या दबावाखाली १२ जून २०२० ला ५०-ए रद्द झालं. वर्षानुवर्षं विधेयक मांडून थकलेल्या लोकांनी ते तीन आठवड्यांच्या आत मंजूर होताना पाहिलं. पोलीस संघटना लगेच कोर्टात गेल्या. पण त्याच जुलैत प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने बोर्डाकडून मिळालेली माहिती छापली: किमान एक आरोप शाबीत झालेले, तेव्हा नोकरीत असलेले ३,९९६ पोलीस आणि त्यांच्यावरचे ३३,३५८ आरोप. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने आणखी मोठी यादी खुली केली; तिच्यात सव्वातीन लाखांच्या आसपास नोंदी आणि ८१ हजारांवर आजी-माजी पोलिसांची नावं होती. २०२१ मध्ये फेडरल अपील कोर्टानेही संघटनांची मागणी फेटाळली. नावं बाहेर आली तर पोलिसांच्या जिवाला धोका होईल, असं संघटनांचं म्हणणं होतं. ज्या राज्यांत या नोंदी आधीपासून खुल्या होत्या तिथे धोका वाढल्याचा पुरावा कोर्टापुढे आला नाही. त्यानंतर बोर्डाने स्वतःच माहिती वेबसाइटवर ठेवली. पत्ता, फोन, आजारपण यातलं काहीही त्यात नसतं. ते झाकूनच द्यायचं असं कायद्यातच आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीतल्या एका काकांचा मुलगा न्यूयॉर्क पोलिसात आहे. चांगला मुलगा आहे, गणपतीत आरतीला येतो, लहानपणापासून बघते आहे त्याला. माझं काम कळल्यावर काका एकदा जेवताना मला म्हणाले, “अगं, तो रात्रपाळीला असतो. तिथे रोज भांडणं, रोज धरपकड. ज्याला पकडलं तो तक्रार करणारच ना? उद्या मुलीकडचे लोक याचं नाव टाकून बघतील. चार तक्रारी दिसल्या की संपलं. एकही शाबीत नाही, पण ते कोण वाचणार?”

काकांचं म्हणणं मला मनापासून लागलं. ते खोटं नाही. अटका करणाऱ्या पथकात असलेल्या पोलिसावर टेबलामागे बसणाऱ्यापेक्षा जास्त तक्रारी येणार. सूड म्हणून केलेल्या तक्रारी असतात, वकिलाने सुचवलं म्हणून केलेल्याही असतात. म्हणूनच नुसता आकडा बघून मत बनवणाऱ्याशी मी भांडते. चार हा आकडा काहीच सांगत नाही. चार तक्रारींत काय म्हटलंय ते वाचावं लागतं, आणि त्याच ठाण्यात, त्याच पाळीत असलेल्या इतरांवर किती आहेत ते बघावं लागतं. ते बघायचं तरी नोंदी खुल्याच हव्यात. काकांच्या मुलालाही त्याचा उपयोग आहे: त्याच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्यावर तीस आरोप असतील आणि याच्यावर चार, तर हा फरक खुल्या नोंदीतच दिसतो.

शिवाय या न शाबीत झालेल्या तक्रारींना वजन आहे का, हे कुणीतरी मोजून पाहिलंय. काइल रोझेमा आणि मॅक्स शँझनबाख या दोन संशोधकांनी शिकागोच्या तक्रारी आणि तिथले भरपाईचे दावे एकमेकांशी ताडून २०१९ मध्ये निबंध छापला. शिकागोतही बहुतेक तक्रारी शाबीत होत नसत. तरी नागरिकांच्या आरोपांच्या हिशेबाने सर्वांत वरचे एक टक्का पोलीस घेतले, तर त्यांच्यामुळे शहराला द्याव्या लागलेल्या भरपायांची संख्या इतरांच्या जवळजवळ पाचपट निघाली. लोक जे सांगत होते त्यात तथ्य होतं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, “शिकागोचं सोड.” आम्ही विषय बदलला. पण शिकागोचं सोडता येत नाही, म्हणून जरा तिकडे जाऊन येते.

शिकागोत जेमी कॅल्व्हन या पत्रकाराने तक्रारींच्या फायली मिळवण्यासाठी शहराविरुद्ध खटला चालवला आणि २०१४ मध्ये इलिनॉयच्या अपील कोर्टाने निकाल दिला की या फायली जनतेच्या आहेत. त्यातून नोव्हेंबर २०१५ मध्ये नागरिकांसाठी एक शोधता येणारी यादी उभी राहिली. त्याच महिन्यात लॅक्वान मॅकडॉनल्ड या १७ वर्षांच्या मुलाला सोळा गोळ्या घातल्याचा व्हिडिओ कोर्टाच्या हुकमाने बाहेर आला. घटना वर्षापूर्वीची, शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर देऊन ठेवले होते, तेही दावा दाखल होण्याआधी. लोकांनी त्या गोळ्या घालणाऱ्या जेसन व्हॅन डाइक या पोलिसाचं नाव नव्या यादीत टाकून पाहिलं. वीसेक तक्रारी, शिक्षा शून्य. २०१८ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं.

तिथेच पोलीस संघटनेने आणखी एक गोष्ट करून पाहिली. कामगार करारात असं कलम होतं की पाच वर्षांपेक्षा जुन्या तक्रारींच्या फायली नष्ट करायच्या. शहराने त्या केल्या नव्हत्या. संघटना लवादाकडे गेली, त्या जाळा म्हणाली. प्रकरण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये निकाल लागला की नोंदी ठेवल्याच पाहिजेत. शिकागोतल्या रोनाल्ड वॉट्स या सार्जंटच्या टोळीने एका सरकारी वसाहतीतल्या लोकांवर अमली पदार्थांचे खोटे गुन्हे लादले. त्यातल्या २०० हून अधिक शिक्षा पुढे रद्द झाल्या. ती माणसं पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. पाच वर्षांनी कागद जाळायची पद्धत पाळली असती तर ती ओरड आज कुठे सापडली असती?

न्यूयॉर्कला परत येते, कारण दाव्यांबद्दल अजून बोलायचंय आणि त्यात लोकांना फारशी माहिती नसते.

पोलिसावर वैयक्तिक दावा लावायचा अमेरिकेतला मुख्य मार्ग म्हणजे ‘कलम १९८३’. हे साल नाही, कलमाचा क्रमांक आहे. मूळ कायदा १८७१ चा, यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या लोकांवर कू क्लक्स क्लॅनने चालवलेल्या अत्याचारांविरुद्ध केलेला. सरकारी अधिकाराच्या आडून कुणी तुमचे घटनात्मक हक्क मोडले तर त्याच्यावर भरपाईचा दावा करता येतो. जवळजवळ ९० वर्षं हा मार्ग ओसाड होता. १९६१ मध्ये शिकागोच्याच एका कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोकळा केला. पुढे त्याच न्यायालयाने पोलिसांना एक ढालही दिली: हक्क मोडला असला, तरी अगदी तसंच वागणं बेकायदा आहे असं आधीच्या निकालांनी स्पष्ट ठरलेलं नसेल, तर अधिकारी सुटतो. आमचे निम्मे श्रम या ढालीपाशी खर्च होतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

हे दावे फेडरल कोर्टात उघडे असतात. कोर्टाच्या पेसर या ऑनलाइन व्यवस्थेत एका पानाला १० सेंट लागतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. कोर्टात जाऊन तिथल्या संगणकावर बघितलं तर फुकट. वाचायला सुरुवात करायची तर दाव्याच्या अर्जापासून करा. प्रतिवादींच्या यादीत पुष्कळदा ‘जॉन डो १ ते ५’ असं दिसेल. ज्यांची नावं फिर्यादीला तेव्हा ठाऊक नव्हती ते पोलीस. पुढे शहराने नावं कळवली की अर्ज दुरुस्त होतो. मग फाइलच्या तळाशी या. तिथे बहुतेक वेळा एक दोन-तीन पानी तडजोडनामा असतो आणि त्यात ठरलेलं वाक्य: यातली कुठलीही गोष्ट म्हणजे शहराने किंवा प्रतिवादींनी चूक कबूल केली असं समजू नये. पैसे दिले, चूक नाही.

पैसे कोण देतं? प्राध्यापिका जोआना श्वार्ट्झ यांनी ४४ मोठ्या पोलीस खात्यांचे हिशेब मागवून पाहिले. फिर्यादींना मिळालेल्या एकूण रकमेतला ०.०२ टक्का वाटा पोलिसांनी स्वतः भरला होता. बाकी सगळं करदात्यांनी. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये पोलिसांविरुद्धच्या दाव्यांपोटी २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली, असा हिशेब लीगल एड सोसायटीने मांडलाय. त्यातला मोठा भाग जुन्या चुकीच्या शिक्षांचा आहे, माणसं वीस-वीस वर्षं तुरुंगात राहून सुटली त्यांचा, हेही सांगायला हवं. ‘आपला काय संबंध, आपण सरळमार्गी माणसं’ असं म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना मी हा आकडा सांगते. संबंध दर एप्रिलला कर भरताना येतो.

शहराचा कायदा विभाग वर्षातून दोनदा या दाव्यांची यादी छापतो. २०१७ च्या एका स्थानिक कायद्याने ते बंधनकारक केलंय. म्हणजे आज न्यूयॉर्कमध्ये तक्रारींची यादी खुली आहे, दाव्यांचीही. अनेकांना वाटतं, झालं की मग. इथेच मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे.

आमच्याकडचे वकील पक्षकाराला काय सांगतात? दावा चालू असेपर्यंत बोर्डापुढे जबानी देऊ नका, कारण तिथे बोललेला प्रत्येक शब्द उलटतपासणीत तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. सल्ला बरोबर आहे. पण त्याचा परिणाम असा की बोर्ड ती तक्रार ‘दावा प्रलंबित असल्याने बंद’ असा शेरा मारून मिटवतं. दावा दोन-तीन वर्षं चालतो. शहर चांगली रक्कम देऊन तो मिटवतं. आणि शिस्तभंगाच्या कारवाईची मुदत असते घटनेपासून १८ महिने, गुन्हा ठरेल असं कृत्य सोडून. ती केव्हाच उलटून गेलेली असते. तेव्हा ज्या तक्रारी इतक्या गंभीर होत्या की त्यांवर दावा उभा राहिला आणि शहराला पैसे मोजावे लागले, नेमक्या त्याच पोलिसाच्या नोंदीत रिकाम्या राहतात. किरकोळ उद्धटपणाची तक्रार चौकशी होऊन शाबीत होते, दोन सुट्या कापल्या जातात. मनगट मोडल्याची तक्रार ‘बंद’.

न्यूयॉर्कमधल्या वाचकांसाठी कामाच्या चार गोष्टी. पोलिसाचा बिल्ला क्रमांक बढतीबरोबर बदलतो, त्यामुळे जुन्या नोंदीत तो जुळेलच असं नाही. खात्यातला टॅक्स क्रमांक मात्र नोकरीभर तोच राहतो, सारख्या नावांची माणसं वेगळी करायला तोच वापरा. २०१८ पासून काही प्रसंगांत, उदाहरणार्थ झडती घेतली आणि अटक केली नाही तर, पोलिसाने स्वतःहून नावाचं कार्ड द्यायचं असतं. मागून घ्या, शांतपणे. शहराविरुद्ध दावा करायचा विचार असेल तर राज्याच्या कायद्याखाली ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि ही मुदत चुकवून आलेली माणसं बघताना फार वाईट वाटतं. तक्त्यातल्या ओळीमागची मूळ फाइल, म्हणजे जबान्या आणि तपासनीसाचा अहवाल, वेबसाइटवर असेलच असं नाही. ती माहिती-कायद्याखाली अर्ज करून मागता येते. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलंय की तक्रार शाबीत झाली नाही एवढ्याच कारणावरून सगळ्या फायली सरसकट झाकून ठेवता येणार नाहीत. अर्ज फेटाळला तर त्या निकालाचा उल्लेख करून अपील करा.

देशाच्या पातळीवर मात्र चित्र अंधारलेलं आहे. क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली बारा वर्षांच्या टॅमिर राइसला गोळी घालणाऱ्या पोलिसाला आधीच्या नोकरीत त्याच्याच वरिष्ठांनी अपात्र ठरवलं होतं. क्लीव्हलंडने ती फाइल मागवलीच नव्हती. असं होऊ नये म्हणून २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय पोलीस दलांपुरती का होईना एक राष्ट्रीय नोंद सुरू झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि ती बंद केली गेली.

म्हणून माझी मागणी आपल्या शहरापुरती, राज्यापुरती ठेवते, कारण ती इथे पुरी होऊ शकते. दावा कोर्टात चालू असेपर्यंत त्या १८ महिन्यांचं घड्याळ थांबावं. तडजोड झाली की कायदा विभागाने ती फाइल आपणहून बोर्डाकडे पाठवावी आणि बोर्डाने बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी. तोपर्यंत पक्षकाराला बोलायला कुठलाच अडसर उरलेला नसतो. त्यासाठी राज्याच्या नागरी सेवा कायद्यातलं कलम ७५ दुरुस्त करावं लागेल. मी माझ्या भागाच्या असेंब्ली सदस्याला तसं पत्र लिहिलंय. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात राहत असाल आणि तुम्हालाही लिहायचं असेल तर कळवा, मसुदा पाठवते.